उंबऱ्यावरचा हर्मीस, गल्ल्यावरचा मर्क्युरी

तोंड उघडू नका! डाव्या गालात, दाढांच्या बाजूला, चांदीचं एक चिमुकलं नाणं आहे. जिभेनं चाचपून बघा. माशाच्या खवल्याएवढं, धातूच्या तुरट चवीचं. याला ओबोल म्हणतात. वस्त्राला खिसा नाही, म्हणून अथेन्समधली माणसं सुटे पैसे असेच गालात घेऊन बाजाराला जातात. घाईघाईनं बोलायला गेलात तर गिळून बसाल, आणि मग उद्या सकाळपर्यंत वाट बघावी लागेल.

अंगावर लोकरीचं एकच वस्त्र आहे, डाव्या खांद्यावरून घेतलेलं. ते सारखं घसरतं, त्यामुळे एक हात त्यातच गुंतलेला. पाय अनवाणी. गल्ली इतकी चिंचोळी की कोळशाच्या टोपल्या लादलेलं गाढव समोरून आलं, तर भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं. भिंत पाठीला भुसभुशीत लागते. कच्च्या विटांची आहे. रात्री चोर येतात ते दार फोडत नाहीत, ही भिंतच पोखरतात. मधोमध सांडपाण्याचा ओहोळ, त्यावर माश्या. कुठल्यातरी चुलीवर बार्ली भाजल्याचा खमंग वास येतो, आणि त्यातच मिसळलेला शिळ्या मुताचा.

आणि हा बघा, दाराशीच उभा आहे. दगडाचा चौकोनी खांब, वर दाढीवाल्या पुरुषाचं डोकं. हात नाहीत; खांद्यांच्या जागी दोन आखूड दांडे, त्यांवर कालचा हार सुकलेला. पायही नाहीत. खांब खालपर्यंत सपाट, फक्त मध्यावर ताठ लिंग कोरलेलं. घरातली म्हातारी बाहेर येते, बोटभर तेल दगडाच्या कपाळाला चोळते आणि आत निघून जाते. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. रोजच्या माणसाकडे कोण निरखून बघतं?

हा हर्मीस. देवांचा निरोप्या, वाटसरूंचा सोबती, आणि चोरांचा देव. ज्या घराची भिंत चोर पोखरतात, त्याच घराच्या दाराशी हा राखणीला. अथेन्सच्या माणसाला यात काहीच विसंगत वाटत नाही. ज्याला चोरवाटा ठाऊक, त्यालाच राखणीला बसवावं.

त्याच्या जन्माची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आर्केडियातल्या किलीनी पर्वतावरच्या गुहेत, माइयाच्या पोटी, पहाटे जन्म. दुपारपर्यंत पाळण्यातून उतरून हा उंबरठ्यापाशी आला, तर समोर कासव. कासव बघून खदखदून हसला, त्याचं कवच रिकामं केलं, मेंढीच्या आतड्याच्या सात तारा ताणल्या आणि वाद्य तयार. संध्याकाळी थोरल्या भावाच्या, अपोलोच्या, पन्नास गाई पळवल्या. त्यांना उलट्या पावलांनी चालवलं, म्हणजे माग काढणारा भलतीकडेच जाईल. पहाटे दाराच्या कुलपाच्या भोकातून घरात शिरला आणि दुपट्यात गुरफटून झोपेचं सोंग घेतलं. अपोलोनं शोधून काढलं, उचललं, तर त्याच्या हातातच पादून दाखवलं. वर म्हणतो, मी कालचं पोर, गाय म्हणजे काय ते फक्त ऐकून आहे! बाप झ्यूस हे सगळं ऐकून हसत सुटला. शेवटी अपोलोला ते वाद्य मिळालं, हर्मीसला गुरं मिळाली, आणि दोघं भाऊ एकमेकांचे जिवलग झाले. इथली माणसं ही गोष्ट सांगताना चोरीपाशी रेंगाळत नाहीत. रेंगाळतात ती झ्यूसच्या हसण्यापाशी.

चला, उजेड वाढतोय. अगोरात, म्हणजे बाजारचौकात, गलका सुरू झाला आहे. मासळीवाला बोंबलतोय, ताज्या चीजच्या टोपल्यांमधून पांढरं पाणी ठिबकतंय, कुणाचा तरी कोपर तुमच्या बरगडीत बसतो. चौकाच्या वायव्य कोपऱ्यात हे खांब इतके झालेत की त्या जागेलाच ‘हर्मीस’ म्हणतात. तिथल्या न्हाव्याच्या दुकानात डेकेलिया गावची मंडळी जमतात. एखादा माणूस खरंच डेकेलियाचा आहे का याची चौकशी करायची तर लोक तिथेच येतात. वाट चुकलेल्यांची, वाट बघणाऱ्यांची आणि वाटेला लावणाऱ्यांची ही जागा.

पायाखाली काय लकाकलं? काशाची एक अडकवणी, कुणाच्या तरी वस्त्राची पडलेली. उचललीत ना? मागचा अनोळखी माणूस लगेच खांद्यावर हात ठेवतो आणि हक्कानं सांगतो, हर्मीसनं दिलंय, दोघांचं आहे! रस्त्यात सापडलेली वस्तू ही हर्मीसची देणगी, आणि ती पाहणाऱ्यालाही वाटा मिळतो, असा इथला रिवाज. भांडू नका. त्याला दोन अंजिरं घेऊन द्या. बोलता बोलता सगळे एकदम गप्प झाले, तरी कुणीतरी म्हणतंच, हर्मीस आत आला वाटतं. तो येतो तो असाच, दोन गोष्टींच्या मधल्या फटीतून.

दुपारी ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर चला. ऊन डोक्यावर, हजारो माणसं लाकडी बाकांवर दाटीवाटीनं बसलेली, सगळीकडे घाम आणि लसूण. इ.स.पू. ३८८ मधलं हे ॲरिस्टोफेनीसचं ‘प्लूटस’ नाटक. धनाच्या आंधळ्या देवाला दृष्टी आली आहे, चांगली माणसं श्रीमंत झाली आहेत, त्यामुळे देवांना कुणी नैवेद्य दाखवत नाही. हर्मीस उपाशी. तो दार ठोठावतो आणि चक्क एका गुलामाकडे नोकरी मागतो. दाराशी ठेवा. नको? मग व्यापाराला ठेवा. फसवाफसवीला? वाटाड्या म्हणून? गुलाम एकेक नाकारतो, आणि शेवटी बळी दिलेल्या जनावराची आतडी हातात देऊन म्हणतो, जा, विहिरीवर धुऊन आण. शेजारचा म्हातारा हसून हसून तुमच्या मांडीवर थापा मारतोय. हाच म्हातारा घरी जाऊन, झोपण्यापूर्वीच्या शेवटच्या पेल्यातली वाइन हर्मीसच्या नावानं जमिनीवर ओतेल. ज्याला हसता येतं त्याच्याच पायाशी वाकायचं, ही सलगी मला फार आवडते.

रात्रीचं एक काम मात्र तुम्हाला दाखवलंच पाहिजे. केरामाइकोस, वेशीबाहेरचं कब्रस्तान. ओल्या मातीचा वास, कुंभारांच्या भट्ट्यांमधला विझता धूर. अंधारात एक माणूस उकिडवा बसलाय. त्याच्या हातात शिशाचा पातळ पत्रा आहे. हात लावून बघा, गार आणि मऊ, नखानंसुद्धा ओरखडा उठतो. त्यावर त्यानं एक नाव कोरलं आहे, उद्या न्यायसभेत त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्याचं. हर्मीसला विनंती केली आहे की याची जीभ बांधून टाक. पत्रा गुंडाळला, आरपार खिळा ठोकला आणि नुकत्याच पुरलेल्या माणसाच्या थडग्यात सरकवला. हे पाताळाचं टपाल. मेलेल्यांना खाली नेणारा हर्मीसच, त्यामुळे खालच्या देवांना चिठ्ठी पोचवणाराही तोच. दिवसा ज्याच्या नावानं अंजिरं वाटली, त्याच्याच हाती रात्री हे विष.

जाता जाता सॅमॉस बेटावर डोकावू, पण वस्त्र घट्ट धरा. आज आनंददात्या हर्मीसची पूजा आहे, आणि आजच्या दिवशी चोरी माफ. वेदीवरची चरबी चरचरतेय, बासऱ्या वाजताहेत, मागून एक हिसका बसतो आणि तुमच्या खांद्यावर नुसता वारा. पोरगं गर्दीत पसार! ओरडून उपयोग नाही, तुमच्याभोवतीची निम्मी माणसं अशीच उघडी उभी राहून हसताहेत. आता तुम्हीही कुणाचं तरी ओढा.

अंगावर दुसरं काहीतरी चढवा आणि रोमला चला.

सणासाठी उभारलेला लाकडी मंच. अंगणात ताज्या चिरलेल्या फळ्यांचा वास आहे, लेकरं रडताहेत, फेरीवाले ओरडताहेत. प्लॉटसचं ‘ॲम्फिट्रिओन’ नाटक सुरू व्हायचंय. गुलामाच्या वेषात मर्क्युरी, म्हणजे रोमचा हर्मीस, पुढे येतो. तोच वंश, तोच बाप, फक्त बापाचं नाव इथे ज्युपिटर. अजून गोष्टीला सुरुवातही नाही, तर हा प्रेक्षकांशी सौदा करायला लागतो: तुमच्या खरेदी-विक्रीत मी बरकत द्यावी असं वाटतं ना, घरच्यांच्या चांगल्या बातम्या आणाव्यात असं वाटतं ना, मग गुमान बसून नाटक बघा. आणि खरंच, पुढच्या रांगेतले तेलाचे व्यापारी गप्प होतात.

मग खेळ सुरू होतो. मालकाच्या, ॲम्फिट्रिओनच्या, घरात ज्युपिटर मालकाचंच रूप घेऊन मालकिणीपाशी आहे आणि मर्क्युरी दाराशी पहारा देतोय. बंदरावरून कंदील घेऊन खरा गुलाम सोसिया येतो. मर्क्युरी हुबेहूब त्याच्याच चेहऱ्याचा. आधी ठोसे लगावतो, मग सांगतो, सोसिया मी आहे, तू नाहीस. लढाई चालू असताना सोसियानं तंबूत एकट्यानं चोरून वाइन प्यायली होती, हेसुद्धा मर्क्युरीला ठाऊक. बिचारा सोसिया स्वतःला चाचपत उभा राहतो: मी कुठे हरवलो? लोक पोट धरून हसतात. तुम्हीही हसाल, पण तुमच्या बाकाच्या मागे उभ्या असलेल्या गुलामांकडे एकदा वळून बघा. अथेन्सच्या मंचावर गुलामानं देवाला आतडी धुवायला लावली होती. इथे देव गुलामाचं नावच काढून घेतो, आणि पहारा देतो तो साहेबाच्या चैनीसाठी. गोष्ट ग्रीकांकडूनच आलेली आहे, पण खोडी आता हुकमानुसार चालते.

आता दोन शतकं पुढे, कवी ऑविडच्या रोममध्ये. तारीख १५ मे. कापेना वेशीपाशी उभे आहात तुम्ही, इथूनच आपिया रस्ता दक्षिणेला जातो. खेचरांची लीद, गाड्यांच्या लाकडी चाकांचा खडखडाट, वेशीवरच्या जलवाहिनीतून मानेवर टपकणारे गार थेंब. जवळच मर्क्युरीच्या पाण्याचा झरा आहे, आणि त्याच्याभोवती आज व्यापाऱ्यांची झुंबड. पुढचा माणूस बघा: अंगरखा वर खोचलेला, हातात धुरी देऊन शुद्ध केलेला घडा. घड्यावर नाक नेलंत तर धुराचा वास येईल. तो पाणी भरतो आणि दुकानाकडे निघतो. तुम्ही मागोमाग जा, आज कुणी हटकणार नाही.

दुकान अंधारं आहे. तेलाचे बुधले, लोकरीचे गठ्ठे, वजनकाटा. तो पाण्यात लॉरेलची डहाळी बुडवतो आणि विकायच्या मालावर एकेक करून शिंपडतो. लोकर ओली झाल्याचा मेंढरट वास उठतो. मग उरलेले थेंब स्वतःच्या केसांवर. आणि तो प्रार्थना म्हणायला लागतो, मोठ्यानं, अगदी खुल्या मनानं. मागच्या दिवसांत मी खोट्या शपथा घेतल्या त्या धुऊन टाक. तुला साक्षी ठेवून खोटं बोललो असेन, ज्युपिटरचं नाव घेऊन बोललो असेन, ते सगळं वाऱ्यावर जाऊ दे. उद्याच्या शपथांनाही वाट मोकळी ठेव, त्यांच्याकडे देवांनी लक्ष देऊ नये. नफा दे, नफ्याचा आनंद दे, आणि गिऱ्हाइकाला गंडवल्याचं सुखही दे.

ऑविडनं हा सगळा विधी आपल्या सणांच्या काव्यात नोंदवून ठेवलाय, आणि तो म्हणतो, वर बसलेला मर्क्युरी हे ऐकून हसतो, कारण त्याला आपण पळवलेल्या गाई आठवतात.

हसू तेच आहे, अगदी त्या पाळण्यातलं. पण ते ऐकताना मला पोटात कसंतरी होतं. सॅमॉसमध्ये कोण कुणाचं ओढणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. देवाची खोडी अंगावर येऊन पडत होती, कधी देत होती, कधी नेत होती. रोमच्या या दुकानात कोण फसणार हे आधीच ठरलंय. ते दाराबाहेर पिशवी घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक आहे. तरीही त्या व्यापाऱ्याचा एक गुण मान्य करावा लागेल: आपण खोटं बोलतो हे तो निदान देवापाशी कबूल करतो.

याच मर्क्युरीचं देऊळ सर्कस मॅक्सिमसच्या समोर, ॲव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर आहे. इ.स.पू. ४९५ मध्ये ते उभं राहिलं, तेव्हा उद्घाटनाचा मान दोन कॉन्सलांपैकी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी, कुणाला द्यायचा यावर वाद झाला आणि लोकांनी तो दोघांनाही न देता मार्कस लिटोरियस नावाच्या एका सैनिकी अधिकाऱ्याला दिला. त्याच मानासोबत शहराच्या धान्याची व्यवस्था आणि व्यापाऱ्यांचा संघ बांधायचं काम जोडलेलं होतं. देऊळ, धान्य आणि संघ एकाच दिवशी, एकाच खातेवहीत.

भूक लागली असेल. पॉम्पेईत जाऊ, पण इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकाआधी. जेवण शांतपणे व्हायला हवं. मुख्य रस्त्याच्या फरसबंदीत गाड्यांच्या चाकोऱ्या पडल्यात, रस्ता ओलांडायला मोठमोठे दगड मांडलेत, त्यांवरून उड्या मारत या. वाटेत व्हेरेकुंडस नावाच्या नमदेवाल्याचं दुकान लागतं. आतून तापल्या पाण्याची वाफ आणि भिजल्या लोकरीचा दर्प अंगावर येतो. दाराशेजारी भिंतीवर मर्क्युरी रंगवलाय, देवळातून पाऊल बाहेर टाकणारा, हातात पैशांची फुगलेली थैली. आणि त्याच्या बरोबर खाली, दुकानाच्या गल्ल्यामागे बसलेली एक बाई गिऱ्हाइकाला माल दाखवतेय. देव वर, धंदा खाली.

पुढे त्याच रस्त्यावर व्हेटुटियस प्लॅसिडसची खानावळ. रंगीत संगमरवराचे तुकडे जडवलेला गल्ला, त्यात गळ्यापर्यंत बसवलेले मातीचे रांजण. कोपर टेकवा, दगड सुखद गार आहे. हरभरे मागवा, वर गरम पाणी घातलेली वाइन. समोरच्या भिंतीवर घरच्या देवांचं चित्र: एका टोकाला वाइनचा देव, दुसऱ्या टोकाला थैली घेतलेला मर्क्युरी. पैसे दिलेत की मालक बघायची तसदीसुद्धा न घेता ते मागच्या एका रांजणात टाकतो. खण्ण! याच रांजणात पुढे उत्खननात जवळपास तीन किलो नाणी सापडली.

आणि इथे मराठी वाचकाला मी हात धरून थांबवणार. याच रांगेतल्या, चार पावलांवरच्या एका घरात १९३८ साली भारतात घडवलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत. म्हणजे बहुधा सह्याद्रीचे घाट उतरून, जहाजात बसून, कितीतरी हातांतून ती इथवर आली, आणि वाटेतल्या प्रत्येक सौद्यात कुणी ना कुणी आपल्या आवडत्या देवाला हाक मारली असणार. शेवटच्या टप्प्यावरची हाक मर्क्युरीलाच गेली असेल, हे मी पैजेवर सांगते.

आता शेवटचा मुक्काम. इसवी सनाचं दुसरं शतक. ग्रीस केव्हाच रोमच्या ताब्यात गेलंय. पॉसेनियस नावाचा प्रवासी गावोगाव फिरून देवळं-मूर्ती टिपून घेतोय, आणि त्याच्याच मागोमाग आपण अकेयातल्या फाराई गावात पोचलोय. ऑगस्टसनं हे गाव पात्राई शहराच्या हद्दीत घातलं. हर्मीस आणि मर्क्युरी एकच असं विद्वान म्हणताहेत. पण बाजाराच्या मधोमध बघा: दगडाचा चौकोनी, दाढीवाला, ठेंगणा हर्मीस थेट जमिनीवर उभा आहे. जवळच तीसेक चौकोनी दगड. गावकरी त्यांतल्या प्रत्येकाला एकेका देवाच्या नावानं पुजतात. थैली कुणाच्याच हातात नाही.

संध्याकाळ झाली आहे. यायची वेळ हीच. तुमच्या मनात एक प्रश्न आहे, मला सांगू नका. मूर्तीपुढे दगडी चूल, तिला शिशानं जोडलेले काशाचे दिवे. चुलीवर धूप टाका. डोळ्यांत झोंबेल, झोंबू द्या. दिव्यांमध्ये तेल भरा, एकेक वात पेटवा. तळहाताला तेलाचा ओशटपणा राहील. आता या गावचं तांब्याचं एक नाणं मूर्तीच्या उजव्या हाताला वेदीवर ठेवा. सगळ्यांत हलकं नाणं, एवढंच त्याचं मोल. आता वाका. दाढीवाल्या दगडाच्या कानाशी तोंड न्या. दिवसभराच्या उन्हानं दगड अजून कोमट आहे, तुमचा श्वास परत तुमच्याच ओठांवर येतो. विचारा.

विचारलंत? दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबा आणि चालायला लागा. डोक्यात तुमचंच रक्त घुमतंय. भाजीवाली तोंड हलवते, आवाज नाही. लोहार घण मारतो, आवाज नाही. एक कुत्रं तुमच्यावर भुंकतंय, त्याचे नुसते दात दिसतात. कुणी तुम्हाला थांबवत नाही. कान धरून बाजारातून जाणारी माणसं इथे रोजचीच. बाजाराची हद्द आली. कान सोडा. आता जो आवाज पहिल्यांदा कानी पडेल ते देवाचं उत्तर, असा इथला नेम.

“पाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकलंस तर बघ!”

दारात उभी असलेली एक आई चिखलानं माखलेल्या पोरावर ओरडतेय. तिनं तुमच्याकडे पाहिलंही नाही, तिला तुमचा प्रश्न माहीत नाही, आणि पोरगं एव्हाना मागच्या भिंतीवरून घरात शिरलंसुद्धा.